बाईंची साक्ष

कोर्टात जायच्या दिवशी बाई सकाळी सातलाच तयार होऊन ओट्यावर उभ्या. तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, अंबाड्यात शेवंतीची दोन फुलं. वकीलसाहेबांनी दोनदा बजावलं होतं की बाई, साध्या या, चारचौघींसारख्या या. मी म्हणलं, "बाई, हे काय? पुसा आधी ते."

"मालकीणबाई, पन्नास वर्षं झाली, पब्लिकपुढं उघड्या तोंडानं गेले न्हाई मी."

"तिथं पब्लिक न्हाई. जज्ज हाय."

"मग बाकड्यावर कोण बसतेत?"

शेवटी माझ्या लेकीनं, शोभानं, ओला टॉवेल आणला आणि स्वतःच्या हातानं त्यांचं तोंड पुसलं. बाई डोळे मिटून लेकरासारख्या उभ्या राहिल्या. पावडर गेली, काजळ गेलं, आणि खालून जो चेहरा निघाला तो मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितला. बारीक होता. भेदरलेला होता. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कोर्टाची धास्ती असतेच.

धास्ती आम्हाला काय कमी होती? माझी नात पिंकी तेव्हा साडेचार वर्षांची. ती शोभाकडं राहणार का तिच्या बापाकडं, हे ठरायचं होतं, आणि बापानं शोभाचा हात मोडला हे सांगणारा एकच माणूस होता. बाई.

आता बाई कोण, ते सांगते.

नांदेडात नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत माझं तीन खोल्यांचं घर. मालक वारले, मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि समोरची खोली भाड्यानं द्यायची ठरवली. तर पहिल्याच दिवशी एक पत्र्याची ट्रंक, एक बाजाची पेटी आणि बाई अशा तिघीजणी दारात हजर. "मी नाटकवाली हाय," त्या म्हणाल्या, "मागून गल्लीतलं कुणीतरी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं." मी म्हणलं, वेळेवर नळाचं पाणी भरत जा म्हणजे झालं.

बाई उदगीरकडच्या. आई कानडी बोलायची, शाळा झाली निजामाच्या राज्यात उर्दूतून, आणि पोट भरलं मराठीवर. सोळाव्या वर्षी गावाच्या जत्रेत कनातीचं थेटर घेऊन एक नाटक कंपनी आली, ती जाताना बाईंना घेऊन गेली. तीन तास हसायचं आणि मधून मधून पदं, असली नाटकं. बाई नायिका कधीच नव्हत्या. भांडखोर विहीण, आगाऊ मोलकरीण, खाष्ट सासू. त्याचा त्यांना तोराच होता. "नायिका रडाय लागली की पब्लिक पान खायला उठायचं. मी आले की परत बसायचं."

लातूर, नांदेड, देगलूर, सगळीकडं त्यांना ओळखणारी म्हातारी माणसं होती. एकदा आम्ही भाजी घेत होतो तर नायगावकडचा एक आजोबा हातातली पिशवी खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. "विहीणबाई, वळखलं का?"

बाईंनी त्याला नीट खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्हाला न्हाई वळखलं. पण तुमचं हसणं वळखलं. डाव्या हाताला, तिसऱ्या रांगंत."

आजोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यावर मी विचारलं, "खरंच आठवलं का हो?"

"हट. डाव्या हाताला तिसऱ्या रांगंत कुणीतरी हसतंच."

असल्या होत्या. खोटं बोलायच्या, पण समोरचा माणूस घरी जाताना दोन बोटं उंच होऊन जायचा. मला ते आवडायचं. उगं कशाला लपवू.

त्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. कुणालाही पाठ दाखवायची नाही, असा नेम. माझ्या स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघाल्या की माझ्याकडं तोंड करून मागं मागं जायच्या. दोनदा पाण्याच्या पिंपावर आपटल्या. चहा उभ्यानं प्यायच्या. बसलं की नऊवारीच्या निऱ्या मोडतात म्हणे, आणि अंगावर तर पाचवारी. कुणी हसत असलं की त्याचं हसणं संपेपर्यंत बाई तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. "हसणाऱ्याच्या मधात बोलणं म्हंजे जेवणाऱ्याच्या ताटात पाय देणं," असं म्हणायच्या. त्यामुळं गल्लीतल्या बायका मुद्दाम हसत बसायच्या, आणि बाई बिचाऱ्या तोंड उघडं ठेवून थांबलेल्या.

आणि ती नक्कल. कंपनीत अख्खं नाटक कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. मालकाला भीती, दुसरी कंपनी चोरेल. म्हणून ज्याला त्याला आपापल्या भाषणांची वही मिळायची, तिला नक्कल म्हणायचे. समोरच्याच्या बोलण्यातले नुसते शेवटचे दोन-तीन शब्द, आणि त्याच्याखाली आपलं भाषण. ते शब्द कानावर पडले की आपण सुरू व्हायचं. बाई सगळी नक्कल उर्दू अक्षरात उतरवून घ्यायच्या आणि आठ दिवसांत पाठ. एकदा पाठ झालं की मरेपर्यंत पाठ. भाकरी थापता थापता मी त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं बोला म्हणायचे आणि त्या बोलायच्या, श्वाससुद्धा तिथंच घ्यायच्या जिथं काल घेतला होता.

ह्याच गुणानं आमचा घात केला.

शोभाचं सासर लातूरच्या अलीकडं, चाकूरकडं. तिथून ती पिंकीला घेऊन माघारी आली त्याला चार महिने झाले होते. एका दुपारी मी वसतिगृहात होते. जावई आला पोरीला न्यायला. मी निरोप मिळून धावत घरी आले तर शोभा आतल्या खोलीत पायरीजवळ पडलेली, उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला, ओठ फुटलेला. जावयाची एक चप्पल दारात. शेजारपाजारचे गोळा झाले ते तो पळाल्यावर. आत काय झालं ते त्यांनी बघितलं नव्हतं. तो म्हणत होता, ती पायरीवरून घसरली, मी रिक्षा आणायला पळालो.

आणि बाईंनी सांगितलं. त्याच संध्याकाळी, दवाखान्यातून आल्यावर, ओट्यावर, सगळ्या गल्लीपुढं. "मी हिकडं पेटी पुसून राहिले होते. आवाज आला. मधल्या दाराची कडी काढली, वरवंटा उचलला अन् शिरले आत. म्हणलं, जावईबापू, पाहुणचार झाला का करायचा हाय? तर गडी असा उडाला, असा उडाला, एक चप्पल राहिली न् पाय पुढं गेला." पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही. चौथ्या दिवशी हसले. पंधरा दिवसांनी बायका आपल्या पाहुण्यांना घेऊन यायच्या, "बाई, ते चपलीचं सांगा की." शोभा हात गळ्यात अडकवून उंबऱ्यात बसलेली असायची, तीही हसायची. मला बरं वाटायचं. ह्या घरात परत हसणं आलं ते बाईंमुळं, असं मी चार जणींना सांगितलं. दीड महिना शोभाला घास भरवला तोही बाईंनीच.

वकीलसाहेबांनी बाईंचं म्हणणं लिहून घेतलं आणि नीट तयारी करा म्हणाले. आम्ही तयारी म्हणजे काय समजलो? मी आमच्या वकिलाचे प्रश्न वाचायचे, बाईंनी उत्तरं द्यायची. त्यांनी वही केली. प्रश्नाचे शेवटचे दोन शब्द, खाली उत्तर, सगळं उर्दूतून. आठ दिवसांत पाठ. मी खूश. म्हणलं, आता कुठं अडत नाही गाडी.

पुकारा झाला. बाई कठड्यात गेल्या. शपथ घेतली. आमच्या वकिलानं विचारलं, बाईंनी सांगितलं, खणखणीत. मागच्या बाकड्यापर्यंत ऐकू गेलं. वरवंट्यावर आवाज चढवला, चपलीवर खाली आणला आणि थांबल्या. बाकड्यावरची दोन माणसं हसली. ती हसून होईपर्यंत बाई थांबूनच. मी शोभाचा हात धरला होता. जुळलेला हात, अजून बारीकच होता.

मग जावयाचा वकील उठला. वयस्कर, गोड माणूस. म्हणाला, "बाई, माझे वडील तुमचं काम बघायला लातूरला बैलगाडी जुंपून जायचे."

बाई फुलल्या. "कुठल्या रांगंत बसायचे?"

"ते काय मला माहीत नाही. बाई, जरा मला कमी ऐकू येतं. ते परत एकदा सांगता का?"

बाईंनी परत सांगितलं. तेच शब्द. तोच श्वास. वरवंट्यावर हात तेवढाच वर. चपलीवर तेवढंच थांबणं. ह्या वेळी सात-आठ जण हसले.

"वा. अजून एकदा, बाई."

मला तेव्हा कळलं. मी मान हलवून हलवून खूण करून राहिले, पण बाईंची नजर बाकड्यांवर होती. सारी उमर पब्लिकनं "वन्समोर" म्हणायचं आणि बाईंनी द्यायचं. नाही म्हणायची सवयच नव्हती त्या जिवाला. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. अक्षर इकडचं तिकडं नाही.

तो वकील जज्जमॅडमकडं वळला. गोडपणा कुठल्या कुठं गेला होता. "मॅडम, तीन वेळा ऐकलंत. ह्याला साक्ष म्हणायचं? हा प्रयोग आहे. पैसे देऊन तिकीट काढावं असा प्रयोग आहे."

जावई पहिल्या बाकड्यावर होता. त्यानं मागं वळून शोभाकडं बघितलं. नुसतं बघितलं. शोभाचं अंग लाकडासारखं ताठ झालं.

जज्जमॅडम चाळिशीतल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, पाठ केलेलं राहू द्या. मला एक सांगा. तुमच्या खोलीच्या आणि त्यांच्या खोलीच्या मध्ये दार आहे?"

"हाव."

"कडी कुणाच्या बाजूनं?"

"माझ्या."

"त्या दुपारी ती कडी किती वाजता काढली?"

हे वहीत नव्हतं. बाईंनी डावीकडं मान वळवली. कंपनीत तिथं, पडद्याआड, आठवण करून देणारा माणूस बसायचा. तिथं मी बसले होते. माझ्याजवळ काय होतं द्यायला? पंखा कुरकुरत होता. कुणी खोकलं. बाईंनी कठड्यावरचे हात काढून पदरात घेतले.

"काढली न्हाई," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा."

"कडी काढली न्हाई साहेब. वरवंटा न्हाई, काही न्हाई. मी दाराला टेकून उभी होते. मी पाहिलं न्हाई. ऐकलं."

जावयाचा वकील उभा राहिला, मॅडमनी हातानंच त्याला बसवलं. "बघितलं नाही, तर त्या घसरून पडल्या नाहीत हे कशावरून?"

"साहेब, मी आयुष्यभर स्टेजवर मार खाल्ला. विहिणीला मारतेत, सासूला मारतेत, लोकं हसतेत. तो मार खोटा ऱ्हातो. खोट्या थापडीचा आवाज मार खाणारा काढतो, आपल्याच तळहातावर. खऱ्या थापडीचा आवाज मारणाऱ्याचा ऱ्हातो. मला त्यातलं अंधारात कळतं. तीन थापडा झाल्या. मग ही म्हणली, हात सोडा, हात सोडा. दोनदा म्हणली. मग हाड वाजलं. मग पडली. आधी हाड, मग पडणं. पायरीवरून घसरला माणूस तर आधी पडंल न?"

कोर्टात कुणी हसलं नाही. ओट्यावरच्या त्या पहिल्या संध्याकाळनंतर मी पहिल्यांदाच बघितलं, बाई बोलतात आणि कुणी हसत नाही.

"लहान मुलगी कुठं होती?"

"माझ्या खोलीत. निजली होती."

मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दार उघडलं असतं तर त्यांनी मुलीला नेलं असतं. म्हणून तुम्ही उघडलं नाही. असंच ना?"

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या वकिलानं मान डोलवली. नुसतं "हाव" म्हणायचं होतं. नायगावच्या आजोबाला डावा हात, तिसरी रांग सांगणारी बाई. तिला एवढं सोपं आयतं वाक्य कुणी उभ्या जन्मात दिलं नसेल.

बाईंनी मॅडमकडं बघितलं. "तसं म्हणलं तर बरं दिसंल," त्या म्हणाल्या. "पण पोरीचं ध्यानातच नव्हतं मला. मी भेले होते."

निकाल पुढं दोन महिन्यांनी लागला. पिंकी आईकडं. बापाला महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात भेट. वकीलसाहेब म्हणाले, बाईंनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं तेवढंच मॅडमना खरं वाटलं. असेल. पिंकी आता लातूरला क्लासला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते, फोन केला की अर्धं बोलणं अभ्यासाचं. बाई पुढं आठ वर्षं आमच्याकडंच राहिल्या, आमच्याच घरात गेल्या. चपलीची गोष्ट परत कधी सांगितली नाही. गल्लीनं मागितली, तरी नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. निकाल कुणीकडं जाईल, काही नाही. आम्ही तिघी एका रिक्षात बसून घरी आलो.

बाई आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं साड्या झटकल्याचा, घड्या घातल्याचा आवाज यायला लागला. सामान आवरून राहिल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणलं, "जातेत तर जाऊ दे. सहा महिने गल्ली हसवली. माझ्या लेकीच्या हाडावर हसवली. आणि मी यडी, चहा करून पाजत होते."

शोभा डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"कडी वाजली न्हाई ते. मी दाराकडंच बघत होते की, आई."

"मग हसत कशी होतीस तू? उंबऱ्यात बसून, रोज?"

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तिच्या गोष्टीत कुणीतरी येत होतं."

मला राग आवरला नाही. कोर्टात जावयानं जसं बघितलं होतं ते अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हणलं, "ते काही न्हाई. उद्याच्या उद्या खोली खाली करून घेते. दाराआड उभी राहून ऐकणारं माणूस मला घरात नको."

"मग तुला बी जावं लागंल."

हे ती रागानं बोलली नाही. वाण्याकडून काय काय आणायचं ते सांगावं, तसं बोलली. "पहिल्या दिवाळीला आले होते तेव्हा दंड दाखवला होता तुला. तू हळद लावलीस. म्हणलीस, सांभाळून घे. भाऊबीज झाली अन् दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून दिलंस. शंकरपाळ्याचा डबा दिला होतास. दुसऱ्या दिवाळीला मी दाखवलंच न्हाई."

आतला साड्यांचा आवाज थांबला होता. भिंत काय, विटेची एक पदरी. बाईंनी सगळं ऐकलं असणार.

मी परात ओढली. ज्वारीचं पीठ घेतलं. पाणी जास्त पडलं, परत पीठ घातलं, परत पाणी. शोभानं डाळ धुवायला नेली, जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला की नुसता धक्का लागला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पिंकी दारात उभी होती, तिला म्हणलं, "जा, बाईला विचार किती भाकरी खाणार."

ती गेली आणि आली.

"किती म्हणल्या?"

"काहीच न्हाई म्हणल्या. नुसत्या बघून राहिल्या."

मी त्यांच्या दोन धरून थापायला घेतल्या.